आहाराचा सल्ला आणि शिध्याची चिठ्ठी

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की देशभरच्या सरकारी रुग्णालयांच्या भिंती रंगीत तक्त्यांनी सजतात. १ ते ७ सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण सप्ताह. २०१८ पासून तर सारा महिनाच ‘पोषण माह’ म्हणून पाळला जातो. बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी अन्नगटांची चित्रे लागतात. गर्भवतींना डाळी, हिरव्या भाज्या, दूध, अंडी आणि फळे खाण्याविषयी सांगितले जाते. मधुमेहींना भात कमी करण्याचा, तर क्षयरुग्णांना ‘चांगला खुराक’ घेण्याचा सल्ला दिला जातो. या सल्ल्यातले एकही वाक्य शास्त्राला सोडून नसते. मात्र तो ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना पाळता येईल, याची नोंद रुग्णालयाच्या कोणत्याही वहीत नसते. सकस आहार न परवडणाऱ्या भारतीयांची संख्या किती, यावर अर्थतज्ज्ञांचे मतभेद आहेत आणि गणनेची पद्धत बदलली की आकडा खालीवर होतो. परंतु त्यातला सर्वांत सौम्य अंदाजही कोट्यवधींचाच आहे. या कोट्यवधींना रुग्णालय नेमके काय देते, याचा विचार व्हायला हवा.

छत्तीसगडमध्ये बिलासपूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर गनियारी नावाचे गाव आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत प्रशिक्षण घेतलेल्या काही डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या अखेरीस येथे ‘जन स्वास्थ्य सहयोग’ ही संस्था उभी केली. आसपासच्या वनगावांतले आदिवासी आणि शेतमजूर हा तिच्या रुग्णालयाचा मुख्य रुग्णवर्ग. या रुग्णालयाने केलेली एक गोष्ट दिसायला अगदी साधी आहे: क्षयरोगाच्या रुग्णांचे वजन आणि उंची काटेकोरपणे नोंदवली आणि त्या नोंदींचा अभ्यास केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फुप्फुसाच्या क्षयरोगाचे १,६९५ प्रौढ रुग्ण होते. निदान झाले तेव्हा पुरुषांचे सरासरी वजन ४२ किलो होते आणि स्त्रियांचे ३४ किलो. ३४ किलो म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या सुदृढ मुलीचे वजन. शरीरभार निर्देशांक १८.५ च्या खाली गेला की माणूस कुपोषित मानला जातो आणि १६ च्या खाली गेला की तीव्र कुपोषित. गनियारीच्या स्त्रीरुग्णांचा मध्यांकच १५ होता. निदानाच्या वेळी जे तीव्र कुपोषित होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला.

३४ किलो वजनाच्या, रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला ‘पौष्टिक खा’ असे सांगण्याला काय अर्थ उरतो, हा प्रश्न या आकड्यांमुळे टाळता येत नाही. तिला डाळ चांगली असते हे ठाऊक नसते, असे नव्हे. ती डाळ आठवड्यातून एखाद्या वेळी शिजते आणि शिजते तेव्हा आधी मुलांच्या व कमावत्या पुरुषाच्या ताटात जाते. अशा रुग्णाच्या बाबतीत अन्न हा औषधयोजनेचाच भाग ठरतो. औषधाची चिठ्ठी हातात देऊन ‘गोळ्या कुठून तरी मिळवा’ असे कोणतेही क्षयरोग केंद्र सांगत नाही, गोळ्या विनामूल्य देते. अन्नाच्या बाबतीत मात्र नेमके हेच सांगितले जाते आणि त्याला समुपदेशन म्हटले जाते.

असे का झाले, याला एक इतिहास आहे आणि तो उत्तम शास्त्राचाच इतिहास आहे. प्रभावी औषधे येण्यापूर्वी क्षयरोगाचा उपचार म्हणजे आरोग्यधामातला मुक्काम, विश्रांती आणि भरपूर आहार. एवढ्या खाटा उभारणे गरीब देशांना अशक्य होते. १९५६ मध्ये मद्रासमध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून एक संशोधन केंद्र स्थापन केले. तेथे शहरातल्या गरीब रुग्णांपैकी काहींवर आरोग्यधामात आणि काहींवर त्यांच्या घरीच उपचार झाले. औषधे दोन्हीकडे तीच. आरोग्यधामातला आहार घरच्यापेक्षा कितीतरी चांगला होता. तरीही वर्षभराने दोन्ही गटांतले बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी जगभरच्या क्षयरोग उपचाराची दिशा बदलली. आरोग्यधामांचे युग संपले, घरी राहून औषध घेण्याची पद्धत रूढ झाली आणि त्यातून असंख्य प्राण वाचले.

मद्रासच्या प्रयोगाने एका मर्यादित प्रश्नाचे उत्तर दिले होते: योग्य औषधे नियमित मिळाली, तर आरोग्यधामातल्या आहाराशिवाय रुग्ण बरा होऊ शकतो का? उत्तर होकारार्थी होते. पण धोरणाने त्यातून अधिक मोठा अर्थ काढला. क्षयरोगात आहार हा दुय्यम विषय आहे, अशी समजूत पुढच्या कित्येक दशकांत कार्यक्रमाच्या रचनेत मुरली. अतिशय कृश रुग्ण पहिल्या काही आठवड्यांतच का दगावतात, बरा झालेला माणूस पुन्हा कामाला लागू शकतो का आणि त्याच घरात, त्याच अपुऱ्या अन्नावर जगणाऱ्या इतरांना हा रोग का गाठतो, हे प्रश्न त्या प्रयोगाच्या कक्षेत नव्हतेच. ते मागे पडले.

त्यांची उत्तरे मिळायला साठ वर्षे जावी लागली. विशेष म्हणजे त्या उत्तरात मद्रासच्या त्याच केंद्राचा वाटा आहे. ते आज चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. गनियारीच्या संस्थापकांपैकी एक असलेले डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि या संस्थेतील संशोधक यांनी २०१९ ते २०२२ या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत ‘रेशन्स’ नावाचा मोठा अभ्यास केला. त्यात २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे सहभागी होती. प्रत्येक रुग्णाला दरमहा दहा किलोचा शिधा मिळाला: तांदूळ, डाळ, दूधभुकटी, तेल, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. अर्ध्या भागांतील कुटुंबीयांनाही माणशी पाच किलो तांदूळ व दीड किलो डाळ देण्यात आली. उरलेल्या भागांत शिधा फक्त रुग्णाला होता.

२०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकांत याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या कुटुंबांना शिधा मिळाला, त्यांच्यात क्षयरोगाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयरोगाचे प्रमाण तर ४८ टक्क्यांनी घटले. रुग्णांपैकी ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. एखाद्या नव्या लशीने घरातल्या माणसांना एवढे संरक्षण दिले असते, तर तिची घोषणा लाल किल्ल्यावरून झाली असती. येथे ते काम तांदूळ आणि डाळीने केले. खर्च रुग्णामागे महिन्याला हजार रुपयांच्या आसपास आणि कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे तीनशेच्या आसपास होता.

केंद्र सरकारने याची दखलच घेतली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. क्षयरुग्णांना दरमहा पाचशे रुपये देणारी ‘निक्षय पोषण योजना’ एप्रिल २०१८ पासून आहे आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम हजार रुपये झाली. कमी वजनाच्या रुग्णांना उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ऊर्जायुक्त पूरक आहार देण्याचेही ठरले. ही दिशा योग्य आहे. पण कुटुंबीयांच्या शिध्याचे काय? ती जबाबदारी सरकारने ‘निक्षय मित्र’ या व्यवस्थेकडे सोपवली आहे. व्यक्ती, कंपन्या, संस्था किंवा लोकप्रतिनिधी यांनी स्वेच्छेने रुग्णांना दत्तक घ्यावे आणि अन्नाच्या टोपल्या द्याव्यात, अशी ती योजना. दातृत्व चांगलेच, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु दाता जिथे असतो तिथे गरज असतेच असे नाही आणि जिथे गरज सर्वाधिक तिथे दाता मिळेलच याची हमी नाही. क्षयरोगावरच्या गोळ्यांचा पुरवठा कोणा देणगीदाराच्या मर्जीवर ठेवण्याचा विचार कोणी करणार नाही. ज्या उपायाने घरातला पुढचा रुग्ण टळतो, तो मात्र मर्जीवर ठेवला आहे.

क्षयरोगाचे उदाहरण विस्ताराने घेतले, कारण त्यातले पुरावे आता निर्विवाद आहेत. पण हीच विसंगती लहान मुलांच्या बाबतीत अधिक खोल आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. याहून बोलका आकडा वेगळाच आहे: ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले अवघी ११ टक्के. यातल्या बहुतेक मातांनी वरच्या आहाराविषयीचा सल्ला कधी ना कधी ऐकलेला असतो. बाळाला दिवसातून चार-पाच वेळा थोडेथोडे, मऊ, स्निग्ध अन्न भरवावे, हा तो सल्ला. तो पाळायचा तर कोणीतरी दिवसभर बाळाजवळ हवे. मजुरीला जाणारी आई सकाळी घर सोडते आणि बाळ सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. अंगणवाडीत शिजवलेला गरम आहार मिळतो तो तीन वर्षांनंतर. त्याआधी घरी नेण्याचा शिधा दिला जातो. म्हणजे ज्या वयात मेंदू आणि उंची झपाट्याने वाढते, त्याच वयात मूल राज्यसंस्थेच्या नजरेआड असते.

गनियारीच्या डॉक्टरांनी यावर काढलेला मार्ग रुग्णालयाच्या भिंतींबाहेरचा होता. त्यांनी गावागावांत ‘फुलवारी’ नावाची पाळणाघरे सुरू केली. सहा महिने ते तीन वर्षांची मुले दिवसभर तेथे राहतात, गावातलीच एक बाई त्यांना सांभाळते आणि तेल घातलेली खिचडी, सत्तू असे अन्न वेळच्या वेळी भरवते. आई निर्धास्तपणे कामावर जाते आणि मोठी बहीण शाळेत. पुढे छत्तीसगड सरकारनेही सरगुजा जिल्ह्यापासून सुरुवात करून या नावाची केंद्रे काढली. तीव्र कुपोषित मुलांसाठी जिल्हा रुग्णालयांत पोषण पुनर्वसन केंद्रे आहेत. तेथे अन्न हेच औषध म्हणून मोजूनमापून दिले जाते आणि सोबत राहणाऱ्या आईला बुडालेल्या मजुरीची भरपाईही मिळते. म्हणजे तत्त्व सरकारला मान्यच आहे. पण दोन आठवड्यांनी ते मूल ज्या घरी परतते, तिथे काहीच बदललेले नसते. फुलवारी नेमकी हीच पोकळी भरते. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत देशभरात १७ हजार अंगणवाडी-पाळणाघरे उभारण्याचे उद्दिष्ट आहे. देशात अंगणवाड्या सुमारे १४ लाख आहेत. म्हणजे उद्दिष्ट पूर्ण झाले तरी शंभरांतल्या जेमतेम एका अंगणवाडीत ही सोय असेल.

आता सल्ला देणाऱ्या राज्यसंस्थेकडे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवी आहारसूत्रे प्रसिद्ध केली. एकूण उष्मांकांपैकी तृणधान्ये व भरडधान्ये मिळून ४५ टक्क्यांहून अधिक नसावेत आणि डाळी, कडधान्ये, मांस यांतून १५ टक्क्यांपर्यंत मिळावेत, असे त्यांत सांगितले आहे. त्याच राज्यसंस्थेची सर्वांत मोठी अन्नयोजना सुमारे ८१ कोटी लोकांना दरमहा माणशी पाच किलो धान्य विनामूल्य देते, म्हणजे मुख्यतः तांदूळ आणि गहू. या योजनेने उपासमार रोखली, महासाथीच्या काळात ती जीवनरेखा ठरली. तिचे मोल कमी लेखू नये. परंतु एक शासकीय संस्था जे कमी खा म्हणते, तेच दुसरी शासकीय यंत्रणा विनामूल्य देते आणि जे वाढवा म्हणते ते बाजारभावाने घ्यावे लागते. गरीब कुटुंबाने मग भाताचा ढीग आणि पातळ वरण यांवर दिवस काढला, तर त्याला अज्ञान म्हणायचे की हिशेब?

काही राज्यांनी हा हिशेब बदलून दाखवला आहे. तमिळनाडूत रास्त भाव दुकानांतून सवलतीच्या दराने तूरडाळ आणि खाद्यतेल मिळते. हिमाचल प्रदेशात डाळी मिळतात. छत्तीसगडने राष्ट्रीय कायद्याच्या आधीच, २०१२ मध्ये, स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला आणि आदिवासी भागांत चणाही शिध्यात घेतला. ओडिशाने २०१७ पासून भरडधान्यांचे अभियान चालवून नाचणी खरेदी केली, ती रेशनमध्ये आणली आणि केओंझर जिल्ह्यातील अंगणवाड्यांत मुलांना नाचणीचे लाडू दिले. डाळ आणि तेल पुरवणे प्रशासनाच्या आवाक्याबाहेरचे आहे, हा दावा या राज्यांच्या अनुभवापुढे टिकत नाही.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळून चालणार नाही. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात ग्रामीण व शहरी अशा दोन्ही भागांत अन्नावरच्या खर्चात पेये आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा वाटा मोठा दिसतो. ग्रामीण भागातही तो तृणधान्यांवरील खर्चाहून जास्त आहे. मग पैसा नाही असे कसे म्हणायचे? सल्ल्याचीच खरी गरज नाही का? आहे, निश्चित आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशात मधुमेही १० कोटींहून अधिक आहेत आणि ही व्याधी आता केवळ सुखवस्तूंची राहिलेली नाही. पाच रुपयांचे चिप्सचे पाकीट प्रत्येक टपरीवर लटकते, तर त्याच टपरीत उकडलेले अंडे किंवा भाजलेले चणे सहज दिसत नाहीत. पण या बाबतीतही सल्ल्याचा सारा भार रुग्णावर टाकला जातो आणि पाकिटावर ठळक इशारा छापण्याचा निर्णय वर्षानुवर्षे रेंगाळतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२२ च्या मसुद्यात तर इशाऱ्याऐवजी ताऱ्यांच्या मानांकनाचा प्रस्ताव होता. साखर-मीठ जास्त असलेल्या पदार्थालाही एखाददुसरा तारा मिळावा, ही कल्पना रुग्णालयाच्या भिंतीवरच्या तक्त्याशी कशी जुळणार?

दुसरा आक्षेप असा की, रुग्णालय म्हणजे अन्नछत्र नव्हे; डॉक्टरांवर आधीच कामाचा डोंगर आहे. हेही खरे. म्हणूनच रुग्णालयाने स्वयंपाकघर चालवावे अशी मागणी येथे नाही. त्याने दोन गोष्टी कराव्यात: मोजावे आणि जोडून द्यावे. प्रत्येक प्रौढ रुग्णाचे वजन, उंची आणि शरीरभार निर्देशांक केसपेपरवर रक्तदाबासारखाच नोंदला जावा. आजही बहुसंख्य बाह्यरुग्ण विभागांत तो नोंदला जात नाही आणि जे मोजले जात नाही त्यावर उपचार होत नाही. नोंद ठरावीक पातळीखाली असेल, तर डॉक्टरांची सही असलेली शिध्याची चिठ्ठी रास्त भाव दुकानात चालावी. तीवर ठरावीक महिने डाळ, तेल आणि शक्य तिथे अंडी किंवा दूधभुकटी मिळावी. दुकानांचे जाळे, शिधापत्रिका, आधार जोडणी, सारे आज अस्तित्वात आहे. नवी यंत्रणा उभारायची नसून आरोग्य आणि अन्नपुरवठा या दोन खात्यांत एक दार उघडायचे आहे.

या चिठ्ठीचा पहिला हक्क क्षयरुग्णाच्या घरातील प्रत्येकाला मिळायला हवा. देणगीदार मिळो वा न मिळो. अंगणवाडीतील पूरक आहारासाठी बालकामागे दिवसाला आठ रुपये हा २०१७ मध्ये ठरलेला दर महागाईशी जोडला जावा. एका अंड्यालाच आज सहा-सात रुपये पडतात. तीन वर्षांखालील मुलांची पाळणाघरे आधी त्या जिल्ह्यांत निघावीत, जिथे माता सर्वाधिक संख्येने मजुरीवर जातात. आणि जिल्हा रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांच्या रिक्त जागा भरताना त्यांच्या कामाचे स्वरूपही बदलावे. स्थानिक बाजारात काय मिळते, त्या महिन्यात काय स्वस्त आहे, रुग्णाच्या घरी चूल किती वेळा पेटते, हे विचारून मगच सल्ला द्यावा. चमचाभर तेल, मूठभर भाजलेले चणे, भातात मिसळलेली जास्तीची डाळ, असा तो सल्ला असला, तर तो घरापर्यंत पोहोचेल.

पुढच्या सप्टेंबरमध्ये तक्ते पुन्हा लागतील, लागावेतही. त्या तक्त्याखाली एक वजनकाटा असावा, काट्याशेजारी नोंदवही असावी आणि वहीत ३४ किलोचा आकडा लिहिला गेला, तर त्या बाईच्या हाती औषधाबरोबर शिध्याची चिठ्ठीही पडावी. पोषण माहाचे यश किती तक्ते लागले यावरून ठरवण्याऐवजी अशा किती चिठ्ठ्यांवर प्रत्यक्ष डाळ मिळाली, यावरून ठरवावे.